ख्रिस्तात राहायचं म्हणजे रोज नक्की काय करायचं?

मोहरी_एवढी | २१ सप्टेंबर, रात्री ११:४८

सलाम मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते.

मी मूळची नगरची, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतली, गेली नऊ वर्षं पुण्यात, हिंजवडीला नोकरी. घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. संडे स्कूलला वचनं पाठ केल्याबद्दल मिळालेला कंपास आईने अजून कपाटात ठेवलाय. तर मोबाईलमध्ये बायबल वाचायचं एक ॲप आहे आणि त्यात माझी ४१२ दिवसांची साखळी आहे, एक दिवस चुकलेला नाही. परवा रात्री बाराला पाच कमी असताना मी आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभी राहून त्या दिवसाचा अध्याय अंगठ्याने नुसता वर सरकवला, टिक केली, घरात गेले, झोपले. सकाळी काय वाचलं ते आठवेना. अध्याय सोडा, पुस्तक कुठलं तेही आठवेना.

लॉकडाऊनपासून उपासना ऑनलाईन बघायची सवय लागली ती सुटलीच नाही. रविवारी भाजी निवडत बघते, आणि आता खरं सांगते, प्रवचन दीडपट वेगाने ऐकते.

देवावरचा विश्वास गेलाय असं नाही. पण पूर्वी प्रार्थनेत समोर कोणीतरी आहे असं वाटायचं, आता व्हॉइसमेलवर बोलल्यासारखं वाटतं. तर प्रश्न असा की ख्रिस्ताशी जोडलेलं राहायचं म्हणजे तुम्ही रोज काय करता? प्रवचन नको, तुमच्या घरात खरंच काय होतं ते सांगा.

उत्तर_तयार | २१ सप्टेंबर, रात्री ११:५६

योहान १५ वाचा. विषय संपला.

मोहरी_एवढी | २२ सप्टेंबर, सकाळी ७:१०

दादा, "मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात" हे मला दुसरीत असल्यापासून पाठ आहे, कंपास त्याच्यावरच मिळालाय :) पण "माझ्यामध्ये राहा" म्हणजे मंगळवारी सकाळी साडेनऊच्या मीटिंगमध्ये कसं राहायचं, तिथे अडलंय.

तिरकस | २२ सप्टेंबर, सकाळी ८:०२

दीडपट वेगाने प्रवचन ऐकणं हा सगळ्या संप्रदायांना एकत्र आणणारा मुद्दा आहे. आमच्या पाळकांना मी दुप्पट वेगाने ऐकतो, तरी पाऊण तास जातो.

पहाटे_चार | २२ सप्टेंबर, सकाळी ८:३०

ताई, राग मानू नका पण तुम्ही कोमट झाला आहात. मी पण होतो. मी पहाटे चारला उठतो, दीड तास गुडघ्यावर, शुक्रवारी उपास-प्रार्थना. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवतो. पहिले दोन महिने झोप येते, नंतर देह ऐकतो. माझी दारू याच गुडघ्यांवर सुटली, साडेसहा वर्षं झाली, त्यामुळे मला कोणी "एवढं कशाला" म्हटलं की मी वाद घालत नाही, बायकोला विचारा म्हणतो.

तिरकस | २२ सप्टेंबर, सकाळी ८:४१

साडेसहा वर्षांबद्दल मनापासून सलाम, यात तिरकस काही नाही. पण ज्याच्या घरी सात महिन्यांचं बाळ आहे त्याने चारला उठून काय करावं? (तो उठलेलाच असतो, बाटली उकळत.)

वसईची_केळी | २२ सप्टेंबर, दुपारी १:१५

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे "आज काय वाटतंय" याला फार विचारत नाहीत :) लहानपणी संध्याकाळी सातला चर्चची घंटा झाली की वाडीत जिथे असू तिथे उभं राहायचं. आजीच्या हातात केळीचा लोंगर असला तरी ती तो खाली ठेवायची, देवदूताची प्रार्थना म्हणायची, परत उचलायची. रात्री जेवणाआधी सगळ्यांनी मिळून जपमाळ. आम्ही पोरं तिसऱ्या दशकापर्यंत (जपमाळेतले दहा मणी म्हणजे एक दशक) भिंतीला टेकून झोपलेलो असायचो, तरी आमच्या वाट्याचं "नमो मरिये" तोंडातून बरोबर जागेवर यायचं, झोपेत! तेव्हा वाटायचं हे काय यांत्रिक आहे. आजीला शेवटी विस्मरण झालं, मला ओळखेना, माझ्या वडिलांना ओळखेना. पण कोणी "नमो मरिये" सुरू केलं की पुढचं अर्धं ती अचूक म्हणायची. तेव्हापासून मी यांत्रिक या शब्दाला जरा जपून वापरतो.

आता माझं. मी येशूसंघी (जेझुइट) फादरांकडून एक शिकलो, रात्री दहा मिनिटं दिवस उलटा बघायचा. संत इग्नेशियसची पद्धत आहे, सोळाव्या शतकातली. आज कशाबद्दल आभार, कुठे देव होता असं आता लक्षात येतंय, कुठे मी तोंड फिरवलं, उद्या काय. मी तो वेळ लोकलमध्ये काढतो, मीरा रोड ते वसई रोड, उभ्याने. आणि त्याच इग्नेशियसचा एक नियम तुमच्या कामाचा आहे: मन कोरडं पडलेलं असताना आधी घेतलेले निर्णय बदलायचे नाहीत. म्हणजे वाचन चालू आहे ते आत्ता वैतागून बंद करू नका.

मोहरी_एवढी | २२ सप्टेंबर, दुपारी १:४०

आजीचं वाचून ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डोळे पुसतेय, शेजारच्याने विचारलं मिरची लागली का.

वारकरी_पोटापुरता | २२ सप्टेंबर, रात्री ९:०५

मी ख्रिस्ती नाही, आगंतुक समजा. पण हे सगळं आमच्याकडचंच चाललंय की! नाम घ्यायचं तर भाव नसताना घेतलं तर चालतं का यावर आमचे कीर्तनकार दोन दोन तास काढतात. तुमच्यात अभंग असतात का हो?

जुन्या_चोपड्या | २२ सप्टेंबर, रात्री ९:५०

असतात का म्हणजे! ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि ते स्वतः सांगायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. आमच्या मंडळ्यांत आजही पेटी, तबला, झांजा घेऊन त्यांची भजनं म्हणतात, ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा पण आहे. त्याच्याही आधी गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज येशूसंघी होते, त्यांनी १६१६ मध्ये जवळपास ११ हजार ओव्यांत ख्रिस्ताची कथा छापली, मराठीत. इंग्लंडातून आलेला माणूस ओवीला बसला आणि आपण इथले असून प्रार्थनेत "लॉर्ड, वुई जस्ट" करतो.

टिळकांचं अजून एक, ते १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून बाहेर पडले आणि "देवाचा दरबार" उभा करायला निघाले, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही येशूभक्त असावेत अशी कल्पना. बावीस वर्षं मिशनमध्ये काढल्यावर सुद्धा माणसाला वाटतं की इथे ख्रिस्त पुरेसा भेटत नाहीये. मोहरीताई, तुम्ही एकट्या नाही.

वारकरी_पोटापुरता | २२ सप्टेंबर, रात्री १०:०१

तुकोबांचा टोलनाका सगळीकडे लागतो :)

सिस्टर_कुवेत | २३ सप्टेंबर, रात्री २:२०

नाईट ड्युटीवर आहे, म्हणून ही वेळ. मी जालन्याची, इथे आयसीयूत नर्स. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे चर्चची मोठी गर्दी शुक्रवारी. ज्या आठवड्यात शुक्रवारी ड्युटी लागते त्या आठवड्यात चर्च नाही. असे सलग सहा आठवडे गेलेत एकदा.

मी काय करते ते सांगते, कोणाला हसू येईल. आम्हाला प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हात स्वच्छ करावे लागतात, शिफ्टमध्ये साठ-सत्तर वेळा तरी. मी तेव्हा "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणते, साबणाने धुतलं तर पूर्ण होते, हॅन्डरब असला तर "रोजची भाकर" पर्यंत पोचते. पुढच्या बेडला पुढचा तुकडा. सुरुवातीला फक्त वेळ मोजायला म्हणायचे, खरंच. मग एक दिवस "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" यावर अडकले. आमच्या वॉर्डात एक सिनियर आहे, तिने माझ्यावर खोटी तक्रार लिहिली होती, तिच्याशी मी चार महिने कामापुरतंच बोलत होते. दिवसातून पंधरा वेळा तेच वाक्य तोंडी येतं आणि समोर तीच उभी. हात धुऊन धुऊन कातडी गेली पण ते वाक्य काही सरळ म्हणवेना. शेवटी मी तिला चहा नेऊन दिला. ती म्हणाली साखर जास्त आहे. पण तेव्हापासून बोलतो.

जाते, बेड चारचा मॉनिटर वाजतोय.

पाळकबाई | २३ सप्टेंबर, सकाळी ११:३०

मी ७१ वर्षांची आहे, नातीने हे उघडून दिलं, टायपिंगला वेळ लागतो. आमचे हे छत्तीस वर्षं पाळक होते, नेवासा, राहुरी, जालना, सगळीकडे. लोकांना वाटतं पाळकाच्या घरात देव उठून-बसून असतो. बाळ, आमच्या घरात रविवारी सकाळी सगळ्यात जास्त भांडणं होत. इस्त्री, मोजे, प्रवचनाचा कागद सापडत नाही. एकदा हे "शांती असो" म्हणायला उभे राहिले आणि मी पहिल्या बाकावर यांच्याकडे असं बघितलं की हे ओळच विसरले.

मोहरी, तू विचारलंस काय करता. मी सांगण्याऐवजी तुलाच विचारते, नाही सांगितलंस तरी चालेल. घरात कोणाशी बोलणं बंद आहे का? मी छत्तीस वर्षांत बघितलं, "प्रार्थना वर जात नाही बाई" म्हणत जे येत त्यातल्या निम्म्यांचं भावाशी, जावेशी, नणंदेशी काहीतरी अडकलेलं असे. प्रभूने सांगितलंच आहे ना मत्तयात, वेदीपाशी दान आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. जमिनीच्या वादात हे वचन वाचलं की यांच्याकडे बघून लोक खोकत.

मोहरी_एवढी | २३ सप्टेंबर, रात्री ८:१५

बाई, सलाम. यावर नंतर लिहीन.

तिरकस | २३ सप्टेंबर, रात्री ८:२२

"नंतर लिहीन" म्हणजे बाईंचा बाण लागलाय.

निळा_क्रूस | २४ सप्टेंबर, सकाळी १०:४५

सगळ्यांचं वाचलं, छान आहे, पण मला एक खटकतंय. सगळं मी आणि माझा येशू, माझी शांतता, माझा कोरडेपणा. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मेलेली ढोरं ओढणं सोडलं, म्हणून गावाने विहीर बंद केली. त्यांच्यासाठी ख्रिस्ताशी जोडलेलं राहणं म्हणजे दोन मैलांवरून पाणी आणणं होतं.

आणि आज? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती दलित अजून बाहेर. सरकार म्हणणार तुमच्या धर्मात जात नाही. आणि मंडळीत मुलीसाठी स्थळ बघताना हळूच विचारणार, "मूळचे तुम्ही कोण?" माझ्या बहिणीच्या वेळी विचारलं, आणि विचारणारा दर रविवारी पहिल्या रांगेत बसून दशांश देणारा. फाटा वेलीला जोडलेला आणि शेजारच्या फाट्याला हात लावायचा नाही, हे कसलं राहणं?

पहाटे_चार | २४ सप्टेंबर, सकाळी ११:२०

भाऊ तुमचं दुःख मान्य, पण आत्मा नवीन झाला की हे सगळं आपोआप जातं.

निळा_क्रूस | २४ सप्टेंबर, सकाळी ११:२३

शंभर वर्षं झाली, आपोआप कधी जाणार ते सांगा, मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

पाळकबाई | २४ सप्टेंबर, दुपारी ४:००

निळा_क्रूस खरं बोलतोय. आम्ही दोन ठिकाणी हे बघितलं, आणि एका ठिकाणी आम्ही गप्प बसलो. बदलीची भीती होती. ते मला अजून टोचतं.

वसईची_केळी | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

याला धरूनच. आमच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उभे राहिले, झाडं आणि पाणी वाचवायला, तेव्हा आमच्यातलेच काही म्हणत की फादरांनी मिस्सा (चर्चमधली उपासना) करावी, हे कशाला. पुढे २०२० ला ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा तेच लोक फोटो काढायला पुढे. माझ्या वडिलांनी त्या काळात मोर्च्यात लाठी खाल्लेली, ते म्हणायचे त्या दिवशी जपमाळ खिशात होती, काढायला वेळच मिळाला नाही, पण तो दिवस प्रार्थनेचाच होता.

संपादक | २४ सप्टेंबर, रात्री ९:००

विचारपूसमध्ये तीन तक्रारी आल्यात म्हणून सांगतो, पंथांची उणीदुणी काढू नका. मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेवरून हरिगावला जाणारे बरोबर की चूक यावर नवा धागा काढा, तिथले बारा प्रतिसाद हलवले आहेत. करंज्यांची पाककृती पण हलवली आहे.

तिरकस | २४ सप्टेंबर, रात्री ९:०४

यात्रा ठीक आहे, नाताळच्या करंज्या का हलवल्या? नगरच्या ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ताशी जोडून ठेवण्यात ओल्या नारळाच्या करंजीचा वाटा मोठा आहे.

जुन्या_चोपड्या | २५ सप्टेंबर, सकाळी ७:४०

मोहरीताईंसाठी एक. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये झाला. त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय की त्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही. म्हणजे बघा, त्या आठ वर्षांत त्या अमेरिकेत फिरून आल्या, विधवांसाठी शारदा सदन काढलं १८८९ ला, सगळी कामं चालू, आणि आतून हे. नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि हिब्रू, ग्रीक शिकून पूर्ण बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी केलं. थांबल्या कुठेच नाहीत. आणि मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली त्यात दिसतं की अनेक दशकं त्यांना प्रार्थनेत अंधारच जाणवत होता.

आता व्याकरणाची एक गंमत, योहान १५:२ मध्ये फळ न देणारा फाटा "काढून टाकतो" असं आपण वाचतो, तिथल्या ग्रीक क्रियापदाचा दुसरा अर्थ "उचलतो" असाही होतो, काही अभ्यासक तो धरतात. म्हणजे जमिनीवर लोळणारा फाटा उचलून वर बांधतो. बहुतेकांना मान्य नाही, पण मला आवडतो.

द्राक्ष_दिंडोरी | २५ सप्टेंबर, रात्री १०:१५

नमस्कार. मी या धर्माचा नाही, माझ्या एका व्यापाऱ्याने ही लिंक पाठवली, म्हणाला तुमच्या वेलीवर चर्चा चाललीय. पाच एकर द्राक्षाची बाग आहे, थॉमसन जातीची, पंचवीस वर्षं करतोय. सगळे वेल-फाटा म्हणताय पण बाग कोणी केलेली दिसत नाही, म्हणून लिहितो, चुकलं तर माफ करा.

लोळणारी काडी आम्ही उचलून तारेला बांधतोच, जमिनीला टेकली की डावणी रोग येतो. पण काढूनही टाकतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच कात्रीवाल्याकडून. त्यामुळे त्या ग्रीक शब्दाचं भांडण आमच्या बागेत होत नाही.

दुसरं. थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपतो, पानं गळतात, वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून आम्ही दोनदा छाटतो. एप्रिलात खरड छाटणी, सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत (तारेवरच्या आडव्या फांदीपर्यंत) मागे, बाग नुसती खोडं आणि तारा दिसते, नवीन माणूस बघितला तर म्हणेल बाग गेली. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यानंतर घड दिसतात, फोटो सगळे तेव्हाचेच असतात. पण घड ऑक्टोबरात तयार होत नाही. तो मे-जूनमध्येच काडीच्या डोळ्यात तयार झालेला असतो, खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत. बाहेरून काही दिसत नाही. डोळा म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा, वर तपकिरी खवलं, आत घड आहे की नुसती बाळी (आधाराला धरणारा तणावा) आहे की काहीच नाही, डोळ्याने कळत नाही. म्हणून आम्ही ऑक्टोबरच्या आधी बागेतून काड्या तोडून लॅबमध्ये देतो, तिथली पोरं ब्लेडने डोळा उभा कापून सूक्ष्मदर्शकात बघतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते लिहून देतात, मग तिथे कात्री लावायची. घाईने सहाव्या डोळ्यावर मारली आणि घड आठव्यात होता तर तुम्ही वर्षाचं पीक कापून बांधावर टाकलं.

आणि त्या चाळीस-साठ दिवसांत आम्ही वेलीला काय देतो, तर ऊन देतो आणि पाणी तोडतो. ताण बसला पाहिजे. पाणी आणि नत्र भरपूर दिलं तर काडी माजते, हिरवीगार, बोटापेक्षा जाड, लोक बघून वा म्हणतात, आणि ऑक्टोबरात वांझ निघते.

ताईंचा प्रश्न मला एवढाच कळला की मे महिना चालू आहे आणि त्या फोटो काढायला आल्यात. बाकी तुमचं शास्त्र तुम्हाला माहीत.

वसईची_केळी | २५ सप्टेंबर, रात्री १०:३१

पंचेचाळीस वर्षं मिस्साला जातोय, या अध्यायावर असं प्रवचन एकदाही ऐकलं नाही. एकदम शांत बसलोय.

तिरकस | २५ सप्टेंबर, रात्री १०:३३

मी हे एकपट वेगाने वाचलं. दोनदा.

वारकरी_पोटापुरता | २५ सप्टेंबर, रात्री १०:४०

काका तुम्ही आमच्यातले की त्यांच्यातले? कोणाचेही असा, कीर्तन करा.

पहाटे_चार | २६ सप्टेंबर, पहाटे ४:०५

काका, माजलेली काडी हे मला लागलं. मी पहिल्या प्रतिसादात ताईंना कोमट म्हणालो ते मागे घेतो.

निळा_क्रूस | २६ सप्टेंबर, सकाळी ९:१५

काका, एक शंका. रूटस्टॉक रानटी असतो ना, ज्यावर कलम करता?

द्राक्ष_दिंडोरी | २६ सप्टेंबर, सकाळी ९:५०

हो, डॉगरीज. खाली मूळ त्याचं, वर काडी थॉमसनची. दुष्काळ, खारट पाणी सोसतो तो खालचा. घडाच्या पेटीवर नाव वरच्याचं लागतं.

निळा_क्रूस | २६ सप्टेंबर, सकाळी ९:५२

हे पुढच्या वेळी मंडळीत सांगतो, पहिल्या रांगेला.

मोहरी_एवढी | ३० ऑक्टोबर, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. बाई, "नंतर लिहीन" म्हणाले होते, महिना लावला.

काय काय केलं ते सांगते, यात काही चमत्कार नाही. ॲप ठेवलंय पण सूचना बंद केल्या, साखळी ४३० ला तुटली, त्या दिवशी खरंच रडू आलं, मूर्खपणा. आता कागदी शास्त्र वाचते, आईचं जुनं, तिच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. लूकचं शुभवर्तमान चालू आहे, कधी कधी चारच ओळी होतात. सिस्टर, तुमचं हात धुण्याचं मी भांड्यांवर चालवलंय, कुकरला "हे आमच्या स्वर्गातील पित्या" तीनदा होते. केळीदादा, रात्री उलटा दिवस बघायला जाते आणि दुपारपर्यंत येऊन झोपते. कोरडेपणा आहे तसाच आहे, व्हॉइसमेल अजून व्हॉइसमेलच आहे. रविवारी मात्र दोनदा प्रत्यक्ष उपासनेला गेले, बसून भजनं म्हटली, शेजारच्या आजींनी न विचारता पिशवीतून खडीसाखर काढून दिली.

आणि बाईंचं. भावाशी दोन वर्षं बोलणं नव्हतं, वडिलांनंतर घराच्या कागदांवरून. तो नगरला, मी इथे, आई मधे. मी फोन उचलायचे आणि ठेवायचे, असं बारा दिवस. शेवटी लावला. तो "हॅलो" म्हणाला, मी "मी बोलतेय" म्हटलं, मग काहीच नाही. मग त्याने सांगितलं की टाकीची मोटर जळाली, नवीन घ्यायची की रिवाइंडिंग करायची. चार मिनिटं आम्ही फक्त मोटरीवर बोललो. कागदांबद्दल अक्षर नाही. ठेवताना म्हणाला नाताळला येशील तेव्हा वॉल्व पण बघू.

पाळकबाई | ३१ ऑक्टोबर, सकाळी १०:००

रिवाइंडिंग करू नका म्हणावं, महिन्यात परत जळते. नाताळला जा.

सिस्टर_कुवेत | १ नोव्हेंबर, रात्री ३:१०

कुकर! मला सुचलंच नव्हतं. माझ्या सिनियरला आता साखर किती लागते ते पाठ झालंय, अर्धा चमचा.

तिरकस | १ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

द्राक्षवाले काका, तुमच्या डोळ्यांचं काय झालं? लॅबवाले काय म्हणाले?

द्राक्ष_दिंडोरी | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

दोन प्लॉट छाटले, पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून लावायचं औषध) करून चौदा दिवस झाले. वरच्या प्लॉटला पोंगा (कोवळा फुटवा) फुटलाय, त्यात घड दिसतात, काडीला एक, कुठे दोन. खालचा ओढ्याकडचा प्लॉट कमी निघाला. यंदा मे मध्येच पाऊस लागला, ढग हटेनात, ऊन मिळालं नाही, लॅबने आधीच लिहून दिलं होतं. तिथे बऱ्याच काड्या वांझ आहेत. पोरगा म्हणतो तो प्लॉट काढून टाकू. मी म्हटलं खोड चांगलं आहे, या वर्षी पानं सांभाळू, एप्रिलात परत खरडू.

ताई, नाताळला नगरला जाताना नाशिकवरून वाट वाकडी होते, पण फेब्रुवारीत माल निघाला की पत्ता विचारून पेटी पाठवतो. वरच्या प्लॉटची.

मोहरी_एवढी | २ नोव्हेंबर, रात्री ८:०५

काका, खालच्या प्लॉटची थोडी आली तर तीही चालतील.